मदत हवी आहे: माशांच्या टँकचं पाणी हिरवं, झाडं कुजतायत

औसारोड
दोन महिने झाले टँक लावून. तीनदा झाडं आणली, तिन्ही वेळा कुजली. पाणी हिरवंगार. आठवड्यात दोनदा अर्धं पाणी बदलतो, चार दिवसांत पुन्हा तेच. कोणतं औषध टाकू आणि न मरणारी झाडं कोणती, सांगा. शनिवारी पाहुणे यायलेत.

काचपेटी
टँक केवढा? लाइट किती वॅटचा, किती तास? पाणी नळाचं की बोअरचं? झाडं कोणती? एकही न सांगता थेट औषध?

औसारोड
नेहमीचा दोन फुटी. पाणी बोअरचं, दुसरं आहेच कुठं. झाडांची नावं माहीत नाहीत. एक जाड रुंद पानांचं होतं, बुडाशी आडवी गाठ. ती खडीत नीट दाबून पुरली होती.

गोदाकाठ
तिथंच चुकलं. ते अनुबियास. गाठ म्हणजे त्याचं खोड, खडीत दाबलं की सडतं. दोऱ्यानं दगडाला बांधा, मुळं तेवढी खाली जाऊ द्या. जावा फर्नचंही तसंच.

सिलिंडरभाऊ
सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावा, सेकंदाला एक बुडबुडा. सगळं मिटतं.

गोदाकाठ
बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. वॅलिसनेरिया, हायड्रिला ही झाडं त्यातूनही कार्बन घेतात. उलट सीओटू रोज कमीजास्त झाला तर पानांच्या कडेला काळ्या शेवाळाची दाढी उगवते, ती घासून निघत नाही.

सिलिंडरभाऊ
मग लाल झाडं कशी येणार?

गोदाकाठ
लाल मागितली कुणी?

मृगसरी
सकर मासा सोडा, शेवाळ खातो.

काचपेटी
काचेवरचं खातो, पाण्यात तरंगणारं नाही. वर फुटापेक्षा मोठा होतो, घाण वाढवतो. आणि कंटाळून गोदावरीत सोडू नका.

टाकीवाला
हौदात गप्पी सोडा, डासांच्या अळ्या खातात. हौद धुताना तळाशी वीतभर पाणी ठेवा.

औसारोड
हौदाचं कोण विचारतंय! लाइट वीस वॅटचा, सकाळी लावतो, झोपताना बंद. शिवाय खिडकीचं ऊन येतं.

काचपेटी
हे आधी सांगायचं की हो! औषध नको, उजेड तोडा.

पेलाभर पाणी पांढऱ्या कागदासमोर धरा. हिरवट दिसलं तर तरंगतं शेवाळ, दुधाळ दिसलं तर जिवाणू. जिवाणू असतील तर टँक झाकून उपयोग नाही. हिरवट असेल तर आज मंगळवार, आज रात्री टँक जाड चादरीनं पूर्ण झाका, शुक्रवारी रात्री उघडा. मधे डोकवायचं नाही, खाद्य नाही. हवेचा पंप चोवीस तास चालू. मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन खातं आणि गरम पाण्यात तो आधीच कमी असतो. लाइट जाते तिकडं, तेव्हा बॅटरीचा पंप हाताशी ठेवा. उघडल्यावर अर्धं पाणी बदला, फिल्टरचा स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा.

मग टँक खिडकीपासून हलवा. दहा वॅट पुरे, टायमरवर सहा तास.

गोदाकाठ
झाडं त्यानंतर लावा. हॉर्नवर्टच्या तीन-चार जुड्या नुसत्या तरंगत सोडा, शेवाळाचं खाद्य तेच पळवतात. मागं वॅलिसनेरिया, पण बुडखा खडीच्या वर. पुढं क्रिप्टोकोरीन. दुकानातली बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यामुळं पाण्यात जुनी पानं गळतात. मूळ पांढरं, टणक असेल तर उपटू नका, नवी पानं येतात. तुमची तिन्ही खेप फेकली ती बहुतेक ह्यातूनच.

मृगसरी
शेवाळ मारायला लिक्विड कार्बनही मिळतं.

गोदाकाठ
त्यानं वॅलिसनेरिया विरघळते.

औसारोड
उन्हाळ्यात पाणी आटतं, तेव्हा आरओमधून बाहेर पडणारं वाया पाणी टाकलं तर? बादलीभर निघतं रोज.

काचपेटी
अजिबात नको. त्यात बोअरचेच क्षार आणखी दाट. आटतं ते नुसतं पाणी, क्षार टँकमध्येच राहतात. तेव्हा आटलेलं भरायला आरओचं पिण्याचं पाणी घाला. पाणी बदलताना मात्र निम्मं बोअर, निम्मं आरओ. वाया पाण्यानं फरशी पुसा.

औसारोड
झाकलं. घरातले ओरडायलेत, मासे दिसंनात म्हणून. रात्री पंप बंद केला तर चालतो का, लई आवाज करतो.

काचपेटी
चोवीस तास म्हणजे रात्रसुद्धा. पंपाखाली स्पंजचा तुकडा ठेवा, आवाज कमी होतो.