कल्पित विश्व वाचकाला समजावून द्यावे, की त्याला त्यात सोडून द्यावे?

दांडियाबाजारकर

वडोदऱ्यातील आमच्या वाचक मंडळात चायना मिएव्हिल यांच्या ‘द सिटी अँड द सिटी’ (२००९) या कादंबरीवर चर्चा झाली, तेव्हा बऱ्याच जणांनी ती अर्ध्यावरच सोडून दिल्याचे सांगितले. तक्रार एकच होती : लेखक काही समजावूनच सांगत नाही. मला ही तक्रार मान्य नाही.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेझेल आणि उल कोमा ही दोन शहरे एकाच भूभागावर, कित्येकदा एकाच रस्त्यावर वसलेली आहेत. एका शहराच्या नागरिकाने दुसऱ्या शहरातील माणसे, घरे, वाहने पाहायची नाहीत आणि नजर गेलीच तर ती तत्काळ काढून घ्यायची, हे त्याच्या अंगी लहानपणापासून बाणवलेले असते. नियम मोडणाऱ्याला एक गूढ यंत्रणा उचलून नेते. हे सारे पहिल्या पानावर सांगून टाकणे लेखकाला अवघड नव्हते, पण तो सांगत नाही. एका तरुणीचा मृतदेह सापडतो, पोलीस अधिकारी तपासाला लागतो आणि पहिल्या प्रकरणाच्या शेवटी त्याला एक वृद्ध स्त्री दिसते. तिच्याशी नजरानजर होताच तो दचकतो, कारण ती त्याच्या रस्त्यावर नाहीच आणि तिला त्याने पाहायलाच नको होते. वाचकाला त्या क्षणी अर्थ लागत नाही हे खरे, परंतु दोन्ही शहरांचा सारा कायदा त्या दचकण्यात आलेला आहे. तोच कायदा परिच्छेदभर माहिती देऊन सांगितला असता, तर आपल्याला नियम कळला असता, त्यामागची धास्ती कळली नसती.

शिवाय निवेदक त्याच जगात वाढलेला आहे. आमच्या शहरातील मांडवीच्या दरवाजातून रोज ये-जा करणारा माणूस मांडवी म्हणजे काय, हे स्वतःला सांगत बसत नाही. तसे तो सांगू लागला, तर तो तिथला राहत नाही. म्हणून पहिली पन्नास पाने चाचपडत वाचणे ही वाचकावर लादलेली शिक्षा नसून त्या जगात शिरण्याची तीच वाट आहे, असे माझे ठाम मत आहे.

रावपुरेकर

आपले विवेचन मन लावून वाचले, पण निष्कर्ष पटला नाही. पुस्तक खाली ठेवणाऱ्या वाचकाला कमी लेखून हा प्रश्न सुटत नाही. दिवसभराचे काम आटोपून रात्री तासभर वाचणाऱ्या माणसाने लेखकाकडे थोड्या आधाराची अपेक्षा ठेवली, तर त्यात गैर काय?

आपल्याकडे याचा वस्तुपाठ आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. तेव्हापासून त्यांच्या लेखनाची रीत साधारण तीच राहिली : ओळखीच्या जगापासून सुरुवात करायची, त्यात विज्ञानाची एखादी शक्यता आणायची आणि ती वाचकाला नीट समजावून द्यायची. विज्ञानाशी एरवी संबंध न येणारे किती तरी मराठी वाचक त्या वाटेने आत आले. ‘वामन परत न आला’मध्ये स्वतःच्या बुद्धीने विचार करणारा यंत्रमानव घडतो, तेव्हा काय घडते आहे हे वाचकाला पूर्ण कळत असते आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, पुढे काय होणार याची चिंता वाटते. म्हणजे समजावून सांगितल्याने धास्ती उणावते, हा आपला मुद्दा येथेच ढासळतो.

माझा दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. मिएव्हिल यांची ही कादंबरी मी शेवटपर्यंत वाचली. शहरांची रचना मनात पक्की बसली, पण त्या अधिकाऱ्याचे घर, त्याची नाती, त्याची दुःखे यांतले फारसे काही हाती लागले नाही. सारी कल्पकता नकाशावर खर्च झाली आणि माणूस उपाशी राहिला.

वाडीकर

स्टानिस्वाव लेम यांच्या ‘सोलारिस’चे (१९६१) उदाहरण घेतले, तर आपण दोघांनी आखलेली सीमारेषा पुसली जाते, असे मला वाटते. सोलारिस या ग्रहावरील महासागराच्या अभ्यासाला वाहिलेले एक अख्खे शास्त्र आहे. त्यातील वर्गीकरणे, वाद आणि कोसळलेले सिद्धान्त कथानायक केल्विन अंतराळस्थानकाच्या ग्रंथालयात बसून वाचतो आणि लेखक आपल्यालाही पानेच्या पाने वाचायला लावतो. माझ्या ओळखीच्या अनेकांनी ती पाने गाळली. येथे सांगण्यात लेखकाने काहीही हातचे राखलेले नाही, तरी महासागर तसूभरही कळत नाही. पुढे त्या महासागराने घडवलेली आपली दिवंगत पत्नी केल्विनच्या समोर उभी राहते. पिढ्यान् पिढ्यांच्या विद्वानांना जे उलगडले नाही ते या एकट्याच्या खोलीत आले आहे, ही त्याची असहायता पाने गाळणाऱ्यांच्या पदरात पडत नाही. त्या वाचकांची मला खरोखर हळहळ वाटते.

दांडियाबाजारकर

नारळीकरांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. विज्ञान लोकांपर्यंत नेणे हा त्यांचा हेतूच होता, म्हणून स्पष्टीकरण हा त्यांच्या कथेचा प्राण आहे. पण मिएव्हिल यांच्या कादंबरीत समजावण्यासारखे यंत्र किंवा सिद्धान्त नाही. भिंत उभी आहे ती केवळ माणसांच्या सवयीवर, आणि सवय अंगवळणी पडतानाच कळते. त्या अधिकाऱ्याचे मन त्याच्या नजरेत आहे; कोठे पाहावे आणि कोठे पाहू नये, यातच त्याचे आयुष्य गेले आहे. घरात मराठी आणि दुकानात गुजराती बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे परके वाटू नये.

रावपुरेकर

हे साम्य मला ओढूनताणून आणलेले वाटते. वडोदऱ्यात या दोन भाषा एकमेकींपासून तोंड फिरवत नाहीत; आपल्या मराठीत गुजराती शब्द किती सहज येतात, हे आपण रोज ऐकतो. त्या कादंबरीतील शहरे मात्र माणसांना शिक्षेच्या धाकाने वेगळी ठेवतात. मग ही फाळणी कोणी केली, कशासाठी केली आणि तिच्यात कोणाचे हित आहे, हे विचारण्याचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे. फाळणीचे मूळ लेखक अखेरपर्यंत अंधारात ठेवतो. सवय अनुभवातून कळते, हे मी मान्य करतो. पण ती कोणी लावली हे अनुभवातून कळत नाही, ते सांगावेच लागते.