मदत हवी आहे : बकलिन पद्धतीत दुसरी पसंती आपल्याच उमेदवाराला नडायची का?

मंडळी, अमेरिकेतल्या १९००-१९२० च्या निवडणुकांवर शाळेतल्या मुलांसाठी छोटं टिपण लिहितोय. गुप्त मतपत्रिका कळली, १८९२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टला पहिल्यांदा वापरलेलं खटक्यांचं मतदान यंत्रही कळलं. गाडी अडली ती बकलिन पद्धतीवर.

१९०९ मध्ये कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शन गावाने ती आणली. मतपत्रिकेवर पहिली, दुसरी, तिसरी पसंती असे रकाने, मतदाराने फुल्या मारायच्या. पहिल्या पसंतीत कुणाला बहुमत नाही मिळालं, की दुसऱ्या पसंतीची मतं त्यातच मिळवायची, मग तिसरीची.

माझा गोंधळ असा. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात मी जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ लिहून आलोय. तिथे माझा पहिला उमेदवार बाद झाला तरच दुसऱ्याला मत जातं. बकलिनमध्ये मात्र पहिला शर्यतीत असतानाच माझी दुसरी पसंतीही पूर्ण एक मत म्हणून मोजली जाते. म्हणजे मीच माझ्या माणसाला पाडू शकतो! मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, त्यामागे हाच मुद्दा होता असं मी समजतोय. बरोबर आहे का?

आणि लोक मग दुसरा रकाना मुद्दाम कोरा सोडत असतील ना? पाच उमेदवार आणि शंभर मतं घेऊन कुणी आकडेमोड करून दाखवली तर फार बरं होईल. मी दोनदा केली, दोन्ही वेळा बेरीज वेगळी आली.