ओ मुरखू, ई वुरखू, नी वुरखू: आडनाव एकच, लिहायचं कसं?

मुक्ता: एका आयरिश घराण्याच्या आठवणी मराठीत करतेय. बापाचं आडनाव ओ मुरखू, आईचं ई वुरखू, मुलीचं नी वुरखू. संपादक म्हणतात वाचक गोंधळेल, सगळ्यांना मर्फी करा. मला नाही पटत. काय करू?

दाजीबा: मर्फीच करा. मुरखू छापलंत की लोक मूर्ख वाचणार. मर्फी आपल्याकडे रेडिओमुळे घराघरात माहितीये, आमच्या आजोबांचा होता, दर रविवारी स्वतः पुसायचे.

केतकी: रेडिओची कंपनी इंग्लंडातली हो, १९२९ची, फ्रँक मर्फीची. आणि ओ मुरखूचं मर्फी इंग्रजी राजवटीत कागदोपत्री झालं, तेच आपण परत कशाला करायचं? मूळ नाव मुर्खद, म्हणजे समुद्रावरचा योद्धा. ओ म्हणजे नातू, पुढे वंशज. मुलगी असेल तर नी, लग्न झालेली बाई असेल तर ई, आणि या दोन्हींपुढे म चा उच्चार बदलून व होतो. व्याकरणच आहे ते, टाकून कसं चालेल?

रानवारा: ओ म्हणजे इंग्रजी ऑफ ना? इंग्रजीत O' लिहितात, त्यातला वरचा स्वल्पविराम त्याचाच.

केतकी: नाही. जुनं रूप उआ, त्याचा ओ झाला. ऑफशी काही संबंध नाही. मॅक म्हणजे मुलगा. फिट्झजेराल्डमधलं फिट्झ नॉर्मन लोकांचं, अर्थ तोच, मुलगा.

दाजीबा: आपल्याकडेही जोशीण, देशपांडीण म्हणतातच की, पण पुस्तकात कोण छापतं? बोलणं वेगळं, छापणं वेगळं.

शामल: जोशीण हे लोकांनी मागून म्हणायचं, नी वुरखू ती बाई स्वतः सही करते. फार फरक आहे! आणि भाषांतराचंच म्हणाल तर आयर्लंडात आडनावांची भाषांतरंही झालीत. मॅक गव्हन म्हणजे लोहाराचा मुलगा, कॅव्हन परगण्यात त्यातले कितीतरी सरळ स्मिथ झाले. आता त्या स्मिथांनी मूळ शोधायचं म्हणजे केवढी पंचाईत, कारण १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या आगीत १८२१ ते १८५१च्या जनगणनेचे बहुतेक कागद जळाले, १८६१ ते १८९१चे तर सरकारनेच आधी नष्ट केले होते, पूर्ण उरलेल्या पहिल्या म्हणजे १९०१ आणि १९११च्या. त्याच्या मागे जायचं तर ग्रिफिथची जमीन आकारणी नि चर्चच्या नोंदी.

रानवारा: मग मराठीत स्मिथला लोहार करायचं का?

दाजीबा: करा की! आपल्याकडे कुठे अडलं होतं? तिकडचे माजी पंतप्रधान लिओ, वडील मूळचे आपल्याकडचे, त्यांना आपण वरदकरच लिहिलं.

शामल: वरदकर नाही हो, वराडकर. गाव वराड, मालवण तालुका, त्यांच्या वडिलांचं.

दाजीबा: आमच्याकडे पेपरात वरदकर यायचं, मी स्वतः वाचलंय.

शामल: पेपरवाल्यांनी इंग्रजी स्पेलिंगवरून लिहिलं असेल. वराडात जाऊन विचारा एकदा.

केतकी: मुक्ता, तुम्ही तिन्ही रूपं ठेवा नि पहिल्या पानावर चार ओळींची टीप द्या.

दाजीबा: टीप कोण वाचतं? आणि वराडचं म्हणाल तर गावाच्या नावात द आहे का ड, एवढंच सांगा.