मदत हवी आहे: टीव्हीला जोडलेल्या संगणकावर ४के चित्रपट अडखळतो, कोणते ग्राफिक्स कार्ड घ्यावे?

अडखळलेला:
नमस्कार. बैठकीतल्या टीव्हीला मी एक जुना संगणक कायमचा जोडून ठेवला आहे. साधे फुल एचडी चित्रपट त्यावर उत्तम चालतात, पण ४के चित्रपट लावला की चित्र अडखळते, पंखा घोंघावू लागतो आणि आवाज चित्राच्या पुढे निघून जातो. रॅम ८ जीबीवरून १६ जीबी केली, तरी काडीचाही फरक पडला नाही. आता ग्राफिक्स कार्ड घ्यायचे ठरवले आहे. कोणते घ्यावे, एवढेच सांगावे. शनिवारी पाहुणे येणार आहेत, त्यामुळे लांबलचक चर्चेला वेळ नाही.

तांब्याची_तार:
प्रोसेसर कोणता, केबल संगणकाच्या कोणत्या पोर्टमधून निघते आणि कॅबिनेट उभे आहे की चपटे, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही.

जुनाखोड:
कार्डबिर्ड काही घेऊ नका. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घ्या आणि तो जुना डबा अडगळीत टाका. माझा मिनी पीसी टीव्हीच्या मागे चिकटवलेला आहे, प्रोसेसर ६ वॅटचा आहे आणि एव्ही१ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या नव्या पद्धतीच्या फाइलीसुद्धा तो सहज चालवतो.

नादब्रह्मी:
चित्राचे नंतर पाहता येईल, पण आवाज ऑप्टिकल केबलने नेत असाल तर ती आधी काढा. डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हा पूर्ण दर्जाचा आवाज त्या केबलमधून जातच नाही. त्यासाठी एचडीएमआयच हवे, आणि टीव्हीमार्गे अँप्लिफायरला न्यायचे असेल तर दोन्हीकडे ई-आर्क, म्हणजे टीव्हीकडून आवाज पुढे नेणारी एचडीएमआयची सोय, असली पाहिजे.

अडखळलेला:
आवाजाबद्दल मी काही विचारलेलेच नाही. आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून येतो. प्रोसेसर आय५ आहे. एवढी माहिती पुरे व्हावी.

तांब्याची_तार:
आय५ हे नाव २००९ पासून चालत आलेले आहे, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. पूर्ण क्रमांक लिहा. शिवाय चित्रपट चालू असताना टास्क मॅनेजर उघडून, ग्राफिक्सच्या पानावर ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा आलेख हलतो का, ते पाहा; व्हिडिओ उलगडण्याचे काम ग्राफिक्सचे हार्डवेअर करते की नाही, ते त्यावरून कळते.

अडखळलेला:
आय५-६५००. केबल मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टमधून निघते, कॅबिनेट चपटे आहे. तो आलेख जवळजवळ शून्यावर आहे आणि प्रोसेसर मात्र शंभर टक्के. फाइल १०-बिट एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीची असल्याचे दिसते. टीव्ही ३० हर्ट्झ (सेकंदाला ३० चित्रे) दाखवतो आणि माउसचा बाणही ओढल्यासारखा सरकतो, पण त्याचा याच्याशी काय संबंध?

तांब्याची_तार:
तुमची दुखणी दोन आहेत. पहिले असे की सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये ८-बिट एचईव्हीसी उलगडणारे हार्डवेअर आहे, पण १०-बिटचे पूर्ण हार्डवेअर सातव्या पिढीपासून आले. म्हणून तुमच्याकडे सगळा भार प्रोसेसर एकटा वाहतो आणि रॅम कितीही वाढवली तरी तो हलका होणार नाही. दुसरे, त्या पिढीच्या मदरबोर्डांवरचे एचडीएमआय बहुधा १.४ असते आणि ते ४केला ३० हर्ट्झच्या वर जात नाही. बाण ओढला जातो तो त्यामुळे. चित्रपट बहुतेक सेकंदाला २४ चौकटींचे असतात आणि २४ चा ३० शी मेळ बसत नाही, तेव्हा चित्रपटापुरते डिस्प्ले २४ हर्ट्झवर ठेवा, ते १.४ लाही जमते. कोडी हे चित्रपट चालवण्याचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर हा बदल आपोआप करण्याची सोय त्यात आहे.

कार्डच घ्यायचे असेल तर एनव्हिडियाचे जीटी १०३० पुरेल. १०-बिट एचईव्हीसी त्याला जमते, त्यावर एचडीएमआय २.० आहे, आणि चपट्या कॅबिनेटसाठी बुटके, बिनपंख्याचेही मिळते. फक्त त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे मंद कार्डही विकले जाते, म्हणून खोक्यावर जीडीडीआर५ (वेगवान मेमरी) लिहिलेले पाहूनच घ्या. दुकानदार जीटी ७१० पुढे करील, त्याला एचईव्हीसी येतच नाही.

जुनाखोड:
१०३० ला एव्ही१ येत नाही, हे सोयीस्करपणे गाळलेत.

तांब्याची_तार:
गाळलेले नाही. एनव्हिडियात एव्ही१ आरटीएक्स ३० मालिकेपासून आहे. ज्याच्या फाइली एचईव्हीसीच्या आहेत, त्याला चित्रपट पाहण्यापुरते तसे कार्ड कशाला?

अडखळलेला:
मित्राचे १०३० दोन दिवसांसाठी आणून बसवले. चित्रपट न अडखळता चालतो, डिकोडचा आलेख वर गेला आहे आणि पंख्याचा आवाज ऐकू येत नाही. पण केबल कार्डला लावूनही टीव्ही ३० हर्ट्झच दाखवतो. म्हणजे कार्ड खराब आहे का?

तांब्याची_तार:
कार्डला दोष देण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. अनेक टीव्हींमध्ये प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळी सेटिंग असते आणि ती कारखान्यातून जुन्या, मर्यादित सिग्नलवरच ठेवलेली असते. तिला कोणी ‘एन्हान्स्ड’ म्हणतो, कोणी ‘डीप कलर’. ज्या पोर्टला केबल लावली आहे, त्याच पोर्टची सेटिंग बदला. तरीही जमले नाही, तर केबल जुनी आहे का ते तपासा.

अडखळलेला:
‘एन्हान्स्ड’ सापडले. ६० हर्ट्झ झाले, बाणही सुरळीत सरकतो. मित्राला त्याचे कार्ड परत करून जीडीडीआर५चेच नवे घेतो. तुमचे मनापासून आभार, आणि सुरुवातीला अर्धवट माहिती दिल्याबद्दल क्षमस्व.

नादब्रह्मी:
टीव्हीच्याच स्पीकरवर ४के चित्रपट दाखवणार?

जुनाखोड:
शनिवारी एखाद्या पाहुण्याने एव्ही१ची फाइल आणली, की या धाग्यावर परत याल.