पावसालाही पाणीपट्टी! (पाण्याच्या कुलपाच्या आठवणी सांगा)

घागर_रिकामी
काल रात्री 'तांबिएन ला युबिया' पाहिला. २०१० चा स्पॅनिश सिनेमा, नावाचा अर्थ 'पाऊससुद्धा', दिग्दर्शिका इसियार बोयाईन. कोलंबसावर पिक्चर काढायला एक युनिट बोलिव्हियात कोचाबांबाला जातं, का तर तिथली माणसं स्वस्त, दोन डॉलर रोज. साल २०००. आणि नेमकं तेव्हाच शहराचं पाणी ४० वर्षांसाठी परदेशी कंपन्यांच्या गटाला दिलंय, बिलं भरमसाट वाढलीत, वस्तीनं स्वतः खणलेल्या विहिरींवरही आता कंपनीचा हक्क. जो डॅनियल कॅमेऱ्यासमोर स्पॅनिशांशी लढणारा आदिवासी सरदार आतुएय होतो तोच पॅकअप झालं की पाण्यासाठी मोर्चे काढतो आणि निर्माता त्याच्या मागे, बाबा रे शूटिंग संपेपर्यंत तरी गप्प बस. म्हणजे कोलंबसाला शिव्या देणारा पिक्चर काढणारेच कोलंबस!

विहिरीला कुलूप लावायला माणसं येतात आणि बायका आडव्या होतात तिथं मी पॉज केलं. मी लातूरची. २०१६ च्या मार्चात आमच्याकडं पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम लावलेलं, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. आम्ही घरचेच सहाजण घागरी घेऊन गेलो तर भाऊ म्हणतो मी जरा लांब थांबतो, नाहीतर आपलं खानदानच बेकायदेशीर ठरायचं. तेव्हा हसलो. मग १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. आजी म्हणाली, गाडीनं माणसं माहेरी यायची, आता पाणी यायलंय.

तुमचे अनुभव लिहा.

कळशी_नं_१४
रांगेत स्वतः उभं राहायचंच नाही, कळशी उभी राहते. आमच्या चाळीत कळशीला तेलरंगाचा ठिपका असायचा, आमचा लाल. एकदा शेजारणीनं पण लाल लावला आणि जे महाभारत झालं ते आईच्या साठीपर्यंत पुरलं. दोघी एकाच भिशीत, पण बोलायच्या नाहीत. बाकी पिक्चर पाहिला नाही, कुठे मिळतो?

पाट_मोट_नाडा
ताई, आजीचं वाक्य 👌

आम्ही मुळशीचे. म्हणजे होतो. पणजोबांची भातखाचरं धरणात गेली. लोकांना वाटतं धरणं, विस्थापन हे सगळं स्वातंत्र्यानंतरचं, पण मुळशीत १९२१ लाच सत्याग्रह झाला, सेनापती बापट होते. जमीन घेतली ती इंग्रजांच्या भूसंपादन कायद्यानं, कंपनी मात्र देशीच, टाटांची, आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना. त्यामुळे हा पिक्चर 'गोरे वाईट, आपण बिचारे' असा बघता येत नाही मला. आजी उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर बसून बोट दाखवायची, त्या चिंचेच्या रेषेत आपलं जातं होतं. चिंच कुठली, सगळं पाणीच. पण ती दरवेळी अचूक त्याच जागी बोट धरायची.

कळशी_नं_१४
काका, अंगावर काटा आला. मी आपली ठिपक्याची भांडणं सांगत बसले.

पाट_मोट_नाडा
अहो ठिपका पण पाण्याचंच राजकारण 😄

माद्रिदचा_मामा
मी हा स्पेनमध्ये रूममेट्सबरोबर पाहिला. १२ ऑक्टोबरला इथं राष्ट्रीय सुट्टी असते, कोलंबस तिकडे पोचला तो दिवस, त्या संध्याकाळी मुद्दाम लावला. सोन्याच्या कराचा सीन आला, बहिरी ससाण्याच्या पायात बांधतात तेवढं घुंगरू भरून सोनं दर तीन महिन्यांनी आणून द्यायचं, चौदा वर्षांवरच्या प्रत्येक आदिवासीनं. नाही दिलं तर हात तोडायचे. हे खरंच होतं बरं का, पिक्चरवाल्यांनी रचलेलं नाही. घुंगरू चिमुकलं असतं हो, पण नदीत सोनंच नसेल तर ते भरायचं कशानं. एक रूममेट उठून भांडी घासायला गेला. भांडी आधीच घासलेली होती.

आणि शेवटी डॅनियल निर्मात्याला जी छोटी डबी देतो ना, उघडल्यावर आत

घागर_रिकामी
मामाऽऽऽ थांबा!! लोकांनी पाहिला नाहीये!

माद्रिदचा_मामा
सॉरी सॉरी. काहीतरी असतं आत.

आळशी_कासव
हिरो तोच ना जो चे ग्वेव्हारा झाला होता? बास, मग बघणार. पाणी वगैरे नंतर.

मानशीकडचो
आमच्या गोंयात स्पॅनिश नाही, पोर्तुगीज. १५१० ला आल्बुकेर्क आला, आणि आतुएयला क्युबात जाळला १५१२ ला. शाळेत हे दोन वेगळ्या धड्यांत होतं, एकाच काळातलं आहे हे मला पिक्चर बघताना डोक्यात आलं. आमचे आजोबा खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीची (बांधातल्या पाणी अडवायच्या झडपेची) दारं सांभाळायचे, भरती आली की बंद, ओहोटीला उघडी, खारं पाणी शेतात शिरता नये. रात्री दोन वाजता पण उठून जात. गांवकारी, म्हणजे गावच्या जमिनीचा सामायिक कारभार, पोर्तुगीज यायच्या आधीची, त्यांनी कागदावर घेतली आणि कोमुनिदाद म्हटलं. आता म्हादई नदीचं भांडण, २०१८ ला लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, वर नदी वळली तर खाली मानशी उघडून काय घ्यायचं, समुद्र? आजोबांना टीएमसी म्हणजे काय ते कळलं नसतं. मला तरी कुठं कळतंय.

टँकर_लॉबी_मुर्दाबाद
थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नका. मी कामानिमित्त २०१३ मध्ये कोचाबांबाला दोन महिने होतो. एप्रिल २००० मध्ये लोक जिंकले, करार रद्द झाला, सतरा वर्षांचा एक पोरगा गोळी लागून गेला त्यात. पाणी पुन्हा सरकारी संस्थेकडे आलं. पण शहराच्या दक्षिणेला मी स्वतः पाहिलंय, नळच नाही. टँकर येतो, घरापुढं २०० लिटरचं पिंप, आणि लिटरमागे नळवाल्या श्रीमंतांपेक्षा जास्त पैसे गरीब देतो. अगदी आमच्या सोसायटीसारखं, आमचा टँकरवाला तर फोन पण उचलत नाही. कंपनी गेली म्हणून पाइप आपोआप पोचत नाही हो.

पाट_मोट_नाडा
खरंय दादा. पण निदान विहिरीला कुलूप तरी लागलं नाही.

टँकर_लॉबी_मुर्दाबाद
हो ते मान्य. आणि एक गंमत, त्या कंपन्यांनी नंतर बोलिव्हियावर निदान अडीच कोटी डॉलरचा दावा ठोकला होता, पण जगभरातून इतकी छी-थू झाली की २००६ ला नाममात्र दोन बोलिव्हियानोंवर मिटवला. दोन!

आळशी_कासव
दोन बोलिव्हियानोंत तिथं काय येतं? चहा?

टँकर_लॉबी_मुर्दाबाद
चहा म्हणजे कोकाच्या पानांचा काढा, माते दे कोका. अडीच हजार मीटरवर शहर, पहिले दोन दिवस डोकं ठणकतं तेव्हा तोच पाजतात. आपल्या गवती चहापुढं काही नाही.

सकाळचे_साडेपाच
कोणीच लिहिलं नाही म्हणून. दिग्दर्शकाला सीन हवा असतो की स्पॅनिशांची कुत्री मागे लागलीत म्हणून आया आपली बाळं नदीत बुडवतात. बाळं खरी भिजणार पण नसतात, बाहुल्या देणार. तरी त्या बायका नाही म्हणतात. नुसतं खोटं खोटं पण नाही. आणि तो बिचारा समजावतोय की अहो हे इतिहासात घडलंय! मी दोन पोरांना मांडीवर झोपवून पाहत होते, धाकट्याला उगाच घट्ट धरलं, उठला आणि मग बारापर्यंत झोपलाच नाही मेला. पिक्चर राहिला तो राहिलाच. मामा, डबीत काय होतं ते मला व्यनि (खासगी निरोप) करा.

मानशीकडचो
माका पण.

माद्रिदचा_मामा
दोघांना केला.

कळशी_नं_१४
मलाही करा ना. आणि लातूरच्या ताई, आता तिकडं किती दिवसाआड येतं पाणी?

घागर_रिकामी
मी आता पुण्यात असते हो. आईला विचारून सांगते, ती यावेळी फोन उचलत नाही, नळाची वेळ आहे तिची.