एका तारेनं भागत नाही
दादा, झटका मशीनची (विजेचा हलका झटका देणारी) तार लावली की रानडुकरांची चिंता मिटते, असं तुम्ही लिहिलंय. तुरीच्या वावराला ठीक आहे, वराहपालनाला नाही. आमच्याकडे माजावर आलेल्या मादीपायी रानातला नर रात्री जाळीपर्यंत आला. सकाळी चिखलात खुरांचे ठसे आणि जाळीला दोन्हीकडून लाळ. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग पसरायला एवढं नाकाला नाक लागणंही पुरे. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात हा रोग आला. माणसाला होत नाही, पण उपचार नाही, डुकरांचा अख्खा वाडा रिकामा होतो. मीटरभर अंतर सोडून दुसरं कुंपण घालाच. आणि वावरात मेलेलं रानडुक्कर दिसलं तर हात लावू नका, विषाणू त्यात कित्येक आठवडे टिकतो. आधी गुरांच्या दवाखान्यात कळवा.