मदत हवी आहे: रॅनव्हिएच्या गाठीपाशी न्यूरोफिलामेंट जातात कुठे?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात चेतातंतूच्या आतल्या सांगाड्यावर सेमिनार द्यायचाय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय.

मायेलिन (चरबीयुक्त वेष्टन) असलेल्या जाड अक्षतंतूचा, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूचा, आडवा छेद इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला की बारीक ठिपक्यांची गर्दी दिसते. ती न्यूरोफिलामेंट, म्हणजे तंतूच्या सांगाड्यातले प्रथिनांचे धागे, जाडी साधारण १० नॅनोमीटर. मध्येमध्ये मायक्रोट्यूब्यूलची, म्हणजे सांगाड्यातल्या पोकळ नळ्यांची, २५ नॅनोमीटरची वर्तुळं. फिलामेंटच्या अंगातून एनएफ-एम आणि एनएफ-एच या प्रथिनांच्या शेपट्या बाहेर येतात, बाटली धुवायच्या ब्रशसारख्या, म्हणून ती एकमेकांपासून अंतर राखतात. शेपटीवर फॉस्फेट जास्त तर अंतर जास्त, असं शिकवलं गेलं. पण एनएफ-एचची शेपटी काढलेल्या उंदरांत तंतूची जाडी फारशी घटली नाही, एनएफ-एमची काढल्यावर मात्र घटली! (हा वाद सध्या बाजूला ठेवते.)

खरी अडचण पुढे. रॅनव्हिएच्या गाठीत, म्हणजे मायेलिनच्या दोन तुकड्यांमधल्या उघड्या जागेत, तंतू एकदम बारीक होतो. तिथे फिलामेंट कमी, तीही दाटीवाटीने. मग बाकीची गाठीच्या आधीच संपतात का? की गाठीतून भरभर सरकतात, म्हणून एका वेळी कमी दिसतात? मला दुसरं पटतं. फिलामेंट बराच वेळ थांबून मधूनच धावतात, हे माहीत आहेच. अरुंद पुलावर गाड्यांनी वेग घेतला की पूल रिकामा वाटतो, तसं. पण सर पुरावा मागणार.

या विषयावर कुणी काम केलंय का? नेमका कुठला प्रयोग दाखवू? सेमिनार सोमवारी आहे.